थोरला, धाकटा आणि बांधावरचा भोंगा

नखाएवढी मी. माणसांच्या हिशेबानं अजून शाळेतही गेले नसते, पण चिपांच्या जगात मला आता म्हातारीच म्हणतात. मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. मांडवगण फराट्याच्या शिवारात, उसाच्या बांधावर एक लोखंडी खांब आहे. त्याला पत्र्याची डबी आणि वर उन्हावर वीज करणारी सौरपट्टी बांधलेली आहे. डबीत एक हिरवा बोर्ड आहे आणि त्याच्या मधोमध मी बसले आहे. बसले आहे असं म्हणते खरी, पण स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. माझ्या पोटात तिघं जण राहतात आणि तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे आहेत.

थोरल्याचं डोकं मोठं. कॅमेरा सांभाळणं, चित्रं घेणं, बाकीच्यांना निरोप देणं ही कामं त्याची. पण त्याला वीज फार लागते, म्हणून काम नसलं की त्याला झोपवून ठेवावं लागतं. मधल्याला एकच गोष्ट येते. समोर आलेलं चित्र कशाचं आहे, ते ओळखायचं. पण त्या एका गोष्टीत त्याचा हात कोणी धरू शकत नाही. धाकट्याला फारसं काही कळत नाही. तो मात्र वेळेचा पक्का. चिमूटभर विजेवर तो सदानकदा जागा असतो. बांधाजवळ अंगात ऊब असलेलं काही हललं, की आधी त्याला समजतं. मोठा दिवा आणि भोंगाही त्याच्याच हातात.

अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांना एका चिपमध्ये गुण्यागोविंदानं नांदवायचं, म्हणजे तीन पिढ्यांचं घर चालवण्यासारखंच आहे. ते घर मला नाझियानं घालून दिलं.

माझा जन्म फार दूरचा, समुद्रापलीकडचा. तिथून मी फितीच्या रिळात गुंडाळून कारेगावच्या एका कारखान्यात आले. तिथं मला बोर्डावर ठेवलं, तापलेल्या भट्टीतून फिरवलं आणि माझे पाय कायमचे चिकटवले. गाडीच्या पडद्यामागे बसून मी नकाशे दाखवणार होते. पण ती गाडीच निघाली नाही. नमुन्याचे चार-दोन बोर्ड खणात पडून राहिले, त्यांत मी एक. काम करायला जन्मलेल्याला नुसतं पडून राहणं किती जड जातं, हे मला त्या खणात कळलं.

नाझिया त्याच कारखान्यात इंजिनिअर. राहायला निमोण्याला. तिचे वडील सुभान यांचं गावात वेल्डिंगचं दुकान. बिबट्यांसाठीचे पिंजरे त्यांच्याकडे जोडायला येत. साहेबांची रीतसर परवानगी काढून नाझियानं मला आणि माझ्यासारख्याच आणखी एका बोर्डाला घरी आणलं, तेव्हा सुभान एका पिंजऱ्याचं दार तपासत होते.

"हे काय आणलंस?" त्यांनी विचारलं.

"अब्बा, पिंजरा लागतो बिबट्यानं कुणाला तरी धरल्यावर. तो यायच्या आधी सांगणारं काहीतरी करायचंय मला."

"एवढ्याशा डबीला कळंल?"

"शिकवलं तर कळंल."

मग माझं शिक्षण सुरू झालं. मित्रांनो, ते सोपं नव्हतं. थोरल्याला लिहिलेला प्रोग्राम धाकट्याला चालत नाही आणि धाकट्याचा थोरल्याला चालत नाही. दोघांसाठी निरनिराळं लिहायचं, निरनिराळं भरायचं आणि मग दोघांची गाठ घालून द्यायची. त्यासाठी नाझियानं माझ्या आठवणीतला एक कोपरा दोघांना सामाईक दिला. त्याला आपण फळा म्हणू. हालचाल दिसली की धाकट्यानं थोरल्याला उठवायचं. थोरल्यानं चित्र घेऊन मधल्याला दाखवायचं. मधल्यानं ओळखलं, की थोरल्यानं फळ्यावर लिहायचं, 'बिबट्या'. धाकट्यानं ते वाचून भोंगा वाजवायचा. दिसायला सरळ वाटतं. पण पहिल्यांदा सगळं जुळलं आणि भोंगा वाजला, तेव्हा नाझियाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि शेजारच्या कोंबड्या छपरावर होत्या.

मांडवगणच्या पोपटरावांनी आपल्या उसाच्या कडेची जागा दिली. सुभाननी खांब रोवला. बांधाच्या पलीकडे साखरबाईंची वस्ती होती. साखरबाई एकट्याच राहत. चार शेळ्या आणि त्यांच्या चाऱ्यासाठी घासाचा एक वाफा, एवढाच त्यांचा संसार. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या.

"व्हय गं पोरी, ह्या डबीला बिबट्या न् कुत्रं यांतला फरक कळतो?"

"कळतो, मावशी."

"माझ्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत कळला न्हाई. अंधार पडला की कुत्रं बघून पळायचा." आणि त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

आठवडाही गेला नसेल. एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला उसाच्या सरीतून एक बिबट्या अगदी सावकाश, जणू घरच्याच अंगणात, चालत आला. धाकट्यानं थोरल्याला उठवलं. चित्र घेतलं, मधल्यानं ओळखलं, फळ्यावर अक्षरं उमटली आणि भोंगा असा कडाडला की बिबट्या जागच्या जागी वळून उसात गडप झाला.

मग काय विचारता! पोपटरावांनी खांबाला नारळ वाढवला. साखरबाईंनी डबीला हळदकुंकू लावलं, त्यातलं थोडं कॅमेऱ्याच्या काचेवरही गेलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मला जग लालच दिसत होतं. दौंडकडून, शिरूरहून माणसं बघायला येऊ लागली. खांबाशेजारी उभं राहून फोटो काढू लागली. ग्रामसभेत पोपटराव म्हणाले, "आपल्या बांधावर आता राखणदार हाय. झोपत न्हाई, जेवत न्हाई, पगार मागत न्हाई." टाळ्या पडल्या.

कौतुक गोड असतं, मित्रांनो, पण ते फार दिवस टिकत नाही. माझं शिक्षण घरातल्या टेबलावर झालं होतं, आणि शिवार टेबलापेक्षा फार मोठं होतं. घोंगडं पांघरून वाकलेला माणूस मधल्याला बिबट्या वाटू लागला. सावलीत आडवं झालेलं पिवळं कुत्रं बिबट्या वाटलं. वाऱ्यावर हलणारं उसाचं वाळलं पाचट आणि त्याच्यामागून जाणारी शेळी, हेही बिबट्या. भोंगा वाजे, माणसं धावत येत आणि शिव्या देत परत जात. मी गोंधळून गेले. क्षणभर चैन पडेना. वाजवावं तर लोक चिडतात, न वाजवावं तर बिबट्या येईल.

पोपटरावांनी नाझियाला फोन लावला. ते खांबाशीच उभे होते.

"बाई, हे लई झालं. मजूर कामावर याया तयार न्हाईत. जरा कमी करा त्याचं वाजणं."

"आजच करते, आप्पा."

नाझियानं खरंच त्याच दिवशी केलं. एका चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, लागोपाठ तीन चित्रांत बिबट्या दिसला तरच लिहायचं, असं तिनं थोरल्याला सांगितलं. तिप्पट काम म्हणजे उशीर. उशीर होऊ नये म्हणून तिनं त्याला आणखी एक सवलत दिली. दर वेळी लांबच्या फळ्यापर्यंत न जाता हाताशी असलेल्या स्वतःच्या पाटीवर लिही, म्हणजे हात झरझर चालेल. घरच्या दुसऱ्या बोर्डावर तिनं ते तपासलं. पडद्यावर 'बिबट्या' हा शब्द चटकन उमटला. घरात आजी आजारी होती म्हणून भोंग्याची तार मात्र तिनं काढून ठेवली होती. मग फोनच्या बिनतारी जोडणीवरून नवा प्रोग्राम माझ्यात उतरला.

त्या दिवसापासून शिवारात शांतता झाली. कुत्री गेली, माणसं गेली, भोंगा गप्प. "आता शहाणी झाली चिप," असं पोपटराव म्हणाले.

पण माझ्या पोटात शांतता नव्हती. भल्या सकाळी, साखरबाई पाण्याला गेल्या असताना, तोच बिबट्या पुन्हा आला. धाकट्यानं हाक दिली. थोरला उठला. एक चित्र, दुसरं, तिसरं. तिन्हींत बिबट्या. थोरल्यानं लिहिलं, पण लिहिलं ते आपल्या हाताशी असलेल्या पाटीवर. ती अक्षरं फळ्यावर गेलीच नाहीत. धाकटा फळ्याकडं डोळे लावून होता आणि फळ्यावर मागचं जुनंच लिहिलेलं होतं, 'कोणी नाही'. त्यानं पुन्हा वाचलं. 'कोणी नाही'. थोरल्याला वाटलं, मी सांगितलं. धाकट्याला वाटलं, कोणी आलंच नाही. एका नखाएवढ्या जागेत दोघं शेजारी शेजारी असून एकाचं दुसऱ्याला कळलं नाही. आणि बिबट्यानं गोठ्यापुढची शेळी उचलली.

साखरबाई परत आल्या तेव्हा दावं तेवढं खुंटीला होतं. त्या रडल्या नाहीत. युरियाची रिकामी गोणी घेऊन त्या तरातरा खांबाकडं आल्या.

"डोळं असून बघत न्हाईस, तर उघडं कशाला ठेवायचं?"

आणि गोणी माझ्या डबीवर आली. वरून सुतळीची गाठ.

अंधार झाला. उपेक्षा म्हणजे काय, ते मला त्या गोणीत समजलं. बाहेर ऊसतोड सुरू झाली होती. कोयत्यांचे आवाज येत, ट्रॅक्टर धडधडत जात. ऊस तुटला, की त्यात दडलेली जनावरं उरलेल्या उसाकडं सरकतात, आणि उरला होता तो पोपटरावांचाच फड. गोणीला थोडी फट होती. तिथून ऊब जाणवे आणि धाकटा दचकून थोरल्याला उठवी. थोरला उठे, काळोखाचं चित्र घेई आणि पुन्हा झोपी जाई. उठायचं, काळोख बघायचं, झोपायचं. बाहेर साखरबाईंच्या विळ्याचा खसखस आवाज येई. त्या वाकून घास कापत असत आणि मला काही दिसत नसे. याहून अस्वस्थ दिवस मी पाहिले नाहीत.

साप्ताहिक सुट्टीला नाझिया आली. मोटारसायकल सुभान चालवत होते. साखरबाई खांबापुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"हात लावायचा न्हाई. उपटून न्यायचा असंल तर न्या."

"मावशी, मला एकदा बघू द्या. काय चुकलं ते तरी कळू द्या."

"कळून माझी शेळी येती का माघारी?"

"न्हाई येत," नाझिया म्हणाली. "पण तुम्ही रोज इथंच वाकून घास कापता. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावरावानी दिसतं. मला रोज त्याचीच भीती वाटती."

साखरबाई वाटेतून बाजूला झाल्या आणि बांधावर जाऊन बसल्या.

गोणी निघाली. ऊन डोळ्यांत शिरलं. नाझियानं जमिनीवर फतकल मारली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझ्यात तार खुपसली. पण बिबट्या आणायचा कुठून? सुभाननी गाडीच्या डिकीतून ठिपक्यांची एक चादर काढली. दुकानाजवळच्या फेरीवाल्याकडून ती मुद्दाम घेतलेली होती. एवढ्यात पोपटरावही आले होते. सुभाननी चादर अंगावर ओढली, गुडघे टेकले आणि ते सरीतून चार पायांवर चालू लागले.

पोपटरावांना हसू आवरेना. "सुभानभाई, शेपूट राहिलं तुमचं!"

"आधी गुडघं तरी राहू द्या, आप्पा!" चादरीतून आवाज आला.

लॅपटॉपच्या पडद्यावर शब्द उमटला, 'बिबट्या'. भोंगा गप्प.

"पुन्हा, अब्बा."

सुभान पुन्हा चालले. पुन्हा पडद्यावर 'बिबट्या'. पुन्हा भोंगा गप्प.

पोपटरावांचं हसू विरलं. ते पडद्याजवळ वाकले. "म्हंजी त्या दिशी ह्यानं बिबट्या बघितला व्हता?"

नाझियाचा हात तोंडावर गेला होता. "बघितला व्हता, आप्पा. वळखलाबी व्हता. पण ज्यानं भोंगा वाजवायचा, त्याच्यापर्यंत पोचलंच न्हाई. वेग वाढावा म्हणून मीच तसं केलं, आन् भोंगा लावून तपासलं न्हाई."

साखरबाई बांधावरूनच म्हणाल्या, "म्हंजी आंधळी न्हाई ती. मुकी झालती."

त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच राग नव्हता.

नाझिया कामाला लागली. तिनं मोजक्याच ओळी लिहिल्या, पण एकेक ओळ तिनं परत परत वाचली. पाटीवर लिहिलंस तर ते लगेच फळ्यावर उतरव, असं तिनं थोरल्याला बजावलं. नुसतं उतरवून थांबू नकोस, धाकट्याचं दार ठोठाव. धाकट्यालाही तिनं एक नवी गोष्ट शिकवली. थोरल्यानं दार ठोठावल्यावर तू उलटी हाक दे. हाक आली नाही, तर थोरल्यानं पुन्हा ठोठावायचं. आणि थोरला उठवूनही उठला नाही, तर धाकट्यानं वाट बघत न बसता आपल्या अकलेनं भोंग्याचा बारीक आवाज करायचा, म्हणजे माणसांना कळेल की इथं काही बिघडलंय.

सुभाननी पुन्हा चादर पांघरली. दोन पावलं टाकली असतील नसतील, भोंगा कडाडला. ते इतके दचकले की चादरीत पाय अडकून सरीत कोसळले. पण कोणी हसलं नाही.

"वाजला," नाझिया हळूच म्हणाली. मग ती साखरबाईंकडं वळली. "मावशी, वाजला की पळू नका. आधी सरळ उभ्या राहा. हात वर करा. मोठ्यानं वरडा."

"बघू," साखरबाई म्हणाल्या. एवढंच.

मित्रांनो, त्या 'बघू'ची मला धास्ती वाटत होती. माझं पोट आता बरं झालं होतं, पण ज्यांच्यासाठी मी बोलणार त्यांचा विश्वास उडालेला होता. ऐकणाऱ्यानं कान फिरवले, तर भोंगा असून काय उपयोग? पुढचे सगळे दिवस मी त्या काळजीतच काढले. घासाचा वाफा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. साखरबाई येत, वाकून कापू लागत, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या मागच्या उसाकडं लागून राही.

मग ती संध्याकाळ आली. तोड पोपटरावांच्या फडापर्यंत पोचली होती. निम्मा ऊस तुटून पडला होता, तोडणाऱ्यांची टोळी आपल्या कोप्यांकडं, पाचटाच्या झोपड्यांकडं, गेली होती. साखरबाई वाफ्यात वाकल्या होत्या. उसाची पाती नेहमीपेक्षा निराळी हलली. धाकट्यानं हाक दिली. थोरला उठला. एक चित्र, दुसरं, तिसरं. ती बिबट्याची मादी होती. तिच्या मागं एक पिल्लू पाय ओढत चाललं होतं. दिवसभर कोयत्यांपासून पळून दोघं दमलेली असावीत. मादीची नजर साखरबाईंच्या वाकलेल्या पाठीवर होती. ती पोट जमिनीला लावून खाली बसली.

फळ्यावर अक्षरं उतरली. दार वाजलं. धाकट्यानं उलटी हाक दिली. भोंगा कडाडला, दिवा भक्कन पेटला.

साखरबाईंचा विळा थांबला. एक क्षण त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. तो क्षण माझ्यासाठी फार लांब होता. माझ्या हातातलं सगळं मी केलं होतं. आता त्यांनी ठरवायचं होतं.

आणि त्या उठल्या. ताठ. दोन्ही हात वर केले, त्यांत विळाही होता, आणि त्या वळून अशा ओरडल्या की भोंगा मागं पडला.

"हाऽड्! हो माघारी! हाऽड्!"

मादी थबकली. मघाशी बुटकं दिसलेलं ते जनावर एकाएकी दोन पायांवर उंच उभं राहिलेलं तिला दिसलं. तिनं दात दाखवले, एक पाऊल मागं घेतलं, पिल्लाची मान तोंडात धरली आणि उरलेल्या उसात शिरली.

पोपटराव काठी घेऊन धावत आले तेव्हा साखरबाई अजून हात वर करूनच उभ्या होत्या. पोपटरावांनीच त्यांचे हात धरून खाली घेतले. मग त्या बांधावर बसल्या.

"फोन लावा," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला लावा."

फोन लागला. साखरबाईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"पोरी, वाजला गं. मी उभी ऱ्हायली. तू सांगितलं तशी." मग त्यांनी थोडं थांबून ऐकलं. "आगं, बोल की. ऐकू येतंय का न्हाई? ... रडती कशापायी? मी हाय की हितं."

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली. तोड दोन दिवस थांबवली गेली आणि मादीला पिल्लासह नदीकडं जायला वाट मोकळी ठेवली. ती गेली. कुठं गेली ते मला माहीत नाही. तिला मी शत्रू मानत नाही. तिचं घर तुटत होतं आणि तिच्या तोंडात पिल्लू होतं.

त्याला आता बराच काळ लोटला. आसपासच्या बांधांवर माझ्याहून नवे, चलाख बोर्ड आले आहेत. त्यांच्या पोटात चार-चार, पाच-पाच जण नांदतात म्हणे. माझ्या काचेवर चरे पडलेत, डबीच्या कोपऱ्यात गांधीलमाशीनं घर केलंय, उन्हाळ्यात अंग इतकं तापतं की थोरल्याचा वेग मंदावतो. पावसाळ्यात सौरपट्टीला दिवसेंदिवस ऊन मिळालं नाही, की धाकटा अर्धपोटी जागतो. पोपटरावांना वेळ नसतो. नाझिया महिन्या-दीड महिन्यानं येते. पण रोज उठल्यावर साखरबाई खांबाशी येतात, पदराच्या टोकानं काच पुसतात आणि विचारतात, "जागी हायस का गं?" मला उत्तर देता येत नाही. धाकटा आपला हिरवा दिवा एकदा लुकलुकवतो. त्यांना तेवढं पुरतं.

मित्रांनो, तुम्ही उद्या माझ्यासारख्या चिपांना शिकवाल. तेव्हा आमचा वेग वाढवा, डोकं वाढवा, जरूर वाढवा. पण आमच्यातल्या एकाचं दुसऱ्याला पोचतंय का, ते शेवटच्या टोकापर्यंत जाऊन बघा. भोंग्याची तार जोडून बघा. आणि तुमच्या बांधावर, तुमच्या घरात कोणी अचानक गप्प झालं, तर त्याच्यावर गोणी टाकण्याआधी एकदा विचारा, तुला दिसतंय का, तुला सांगता येतंय का. आमची काच पुसा. आम्हाला अधूनमधून हाक मारा. राखणदारालाही कोणीतरी राखावं लागतं.

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण पश्चिमेकडच्या सरीत पातं हललं आहे. वारा असेल, कुत्रं असेल, कोणीही असेल. धाकट्यानं हाक दिली आहे आणि थोरला उठतो आहे. मला बघायला हवं.